स्वच्छ हवा, अक्षय ऊर्जा आणि उद्योगांतली कार्बनकपात: संशोधन प्रकल्पांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थी, प्रयोगशाळेतले संशोधक आणि कारखान्यात प्रायोगिक संयंत्र उभारणारे अभियंते आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मोजमापावर आम्ही मुद्दाम जास्त लिहिलं आहे. बहुतेक प्रकल्प तिथेच घसरतात, आणि हे लक्षात येईपर्यंत वर्ष निघून गेलेलं असतं.

हे तीन विषय एकत्र का घ्यायचे?

कारण तिन्हींचं मूळ बरेचदा एकाच चिमणीत असतं. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि राख एकाच वेळी बाहेर पडतात. मात्र एकावरचा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो. कोळशाच्या जागी लाकडाच्या कांड्या जाळल्या तर कार्बनच्या हिशेबात फायदा दिसतो, पण भट्टी नीट नसेल तर सूक्ष्मकण वाढतात. शुद्ध हायड्रोजन जाळला तरी ज्योतीच्या तापमानामुळे हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. आणखी एक उदाहरण: धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीनं पकडून जिप्सम बनवताना, दर टन सल्फर डायऑक्साइडमागे त्या रासायनिक क्रियेतूनच सुमारे ०.६९ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून ती यंत्रणा बसवू नये असं अजिबात नाही. फुफ्फुसांना होणारा फायदा मोठा आहे. पण प्रकल्पाच्या तक्त्यात हवा आणि कार्बन असे दोन्ही रकाने पहिल्या दिवसापासून हवेत.

प्रकल्पाचा प्रश्न नेमका कसा मांडायचा?

त्यात एकक, जागा आणि कालावधी येईल असा. ‘बॉयलरचं प्रदूषण कमी करणे’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘या बॉयलरच्या धुरातले कण, दर टन वाफेमागे किती ग्रॅम, इंधन बदलल्यावर सहा महिन्यांत किती बदलतात’ हा प्रश्न झाला. असा प्रश्न लिहिला की कोणतं उपकरण लागेल, कोणतं लागणार नाही, हे आपोआप ठरतं. एकक ठरवताना भाजक काय घ्यायचा यावर वेळ घालवा. दर तासाचं उत्सर्जन उत्पादन घटलं तरी खाली येतं. दर टन उत्पादनामागचं उत्सर्जन यंत्रणेबद्दल खरं काहीतरी सांगतं.

आधी किती काळ मोजायचं?

हवेसाठी पूर्ण वर्ष उत्तम, नाहीतर किमान दोन वेगळे ऋतू. कारखान्यातल्या ऊर्जेसाठी उत्पादनाचा चढउतार पूर्ण येईल इतका काळ. महिन्याच्या ऊर्जावापराचा उत्पादनाशी आलेख काढा. रेषा शून्यातून जात नाही, उत्पादन शून्य असतानाही काही ऊर्जा खर्च होते. हा स्थिर भाग न काढता ‘दर टन वापर’ काढला, तर केवळ उत्पादन वाढल्यामुळे झालेली सुधारणा तुमच्या प्रकल्पाच्या नावावर जमा होते.

पीएम २.५ मोजायला स्वस्त सेन्सर चालतात का?

चालतात, पण ते काय मोजतात हे समजून घ्या. (पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण, पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतचे.) त्यांच्यात छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत कणांवर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून वस्तुमानाचा अंदाज बांधला जातो. वजन कुठेच होत नाही. यातून तीन अडचणी येतात.

पहिली दमटपणाची. अमोनियम सल्फेटचा कण ८० टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतो, अमोनियम नायट्रेट तर साधारण ६२ टक्क्यांनाच. कण फुगला की प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा वर जातो. पहाटे आलेखात दिसणारा उंच डोंगर पुष्कळदा अर्धा पाण्याचाच असतो. दुसरी आकाराची. सुमारे ०.३ मायक्रोमीटरखालचे कण या सेन्सरला जवळजवळ दिसत नाहीत, आणि जाड धूळ आतल्या वाकड्या मार्गात अडकते. म्हणून धुळीच्या वादळात पीएम १० चा आकडा फसवा, कमी येतो. तिसरी घटकांची. कारखान्यात ज्या प्रकारच्या कणांवर सेन्सर जुळवला, त्याहून काजळीचे कण वेगळा प्रकाश देतात.

काळानुसार कल, दिवसातला चढउतार, दोन ठिकाणांमधला फरक यासाठी हे सेन्सर उपयोगी आहेत. कायद्याची मर्यादा ओलांडली की नाही, हे ठरवण्यासाठी ते वापरू नका.

मग सेन्सर जुळवायचा कसा?

संदर्भ यंत्राशेजारी, म्हणजे ज्याचा आकडा प्रमाण मानला जातो अशा यंत्राशेजारी, ठेवून. पद्धत अशी:

१. संदर्भ यंत्राच्या हवा घेणाऱ्या तोंडापासून काही मीटरांत आणि त्याच उंचीवर किमान तीन सेन्सर बसवा. एक बिघडला तर उरलेल्या दोघांवरून कळतं. दोनच असतील तर खोटं कोण बोलतंय हे कळत नाही.
२. किमान ३० दिवस चालवा आणि तोच प्रयोग दुसऱ्या ऋतूत पुन्हा करा.
३. तासाच्या सरासऱ्या काढा. तासातल्या ७५ टक्के नोंदी नसतील तर तो तास वगळा.
४. सेन्सरचा आकडा, सापेक्ष आर्द्रता आणि तापमान घेऊन समीकरण बसवा. साध्या रेषीय समीकरणापासून सुरुवात करा.
५. समीकरण तपासायला वेगळे ठेवलेले दिवस सलग असू द्या.

पाचवी पायरी फार जण चुकतात. नोंदी यादृच्छिक वाटून ८० टक्क्यांवर शिकवणी आणि २० टक्क्यांवर तपासणी केली, की दहाचा तास शिकवणीत आणि अकराचा तपासणीत जातो. शेजारचे तास एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे निकाल सुंदर येतो आणि पुढच्या महिन्यात कोसळतो.

निकष म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२१ मध्ये सुचवलेले आकडे सोयीचे आहेत: उतार ०.६५ ते १.३५, सहसंबंधाचा वर्ग किमान ०.७०, आणि चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ (आरएमएसई) दर घनमीटरला ७ मायक्रोग्रॅमपर्यंत. दुसऱ्या देशात काढलेलं सुधारणेचं समीकरण मात्र उचलून लावू नका. तिथले कण वेगळे, तिथली आर्द्रता वेगळी.

वायूंच्या सेन्सरचं काय?

नायट्रोजन डायऑक्साइडचे विद्युत-रासायनिक सेन्सर ओझोनलाही प्रतिसाद देतात, म्हणून शेजारी ओझोन मोजल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका. तापमान झपाट्यानं बदललं की शून्यबिंदू सरकतो. साधारण दोन वर्षांत ते बदलावे लागतात.

फिल्टरवर वजन करून मोजणं अजून गरजेचं आहे का?

हो. बाकी सगळ्या पद्धती शेवटी याच कसोटीवर घासल्या जातात. ही पद्धत दिसायला सोपी आहे, म्हणून तिच्यातले बारकावे सविस्तर देतो.

४७ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन फिल्टरमधून मिनिटाला १६.६७ लिटर हवा २४ तास ओढली की २४ घनमीटर हवा होते. हवेत दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम कण असतील तर फिल्टरवर १.२ मिलिग्रॅम जमतात. फिल्टरचं स्वतःचं वजन याच्या शंभरपटीहून जास्त असतं. म्हणजे मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून लहान आकडा शोधायचा आहे, आणि त्यासाठी एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा सूक्ष्मतराजू लागतो.

फिल्टर तोलण्याआधी तराजूच्याच खोलीत किमान २४ तास ठेवा. तिथलं तापमान २० ते २३ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्के अशी स्थिर हवी. आधीचं आणि नंतरचं वजन एकाच स्थितीत झालं नाही, तर कणांनी धरलेलं पाणीच तुम्ही कण म्हणून मोजाल. टेफ्लॉनवर स्थिर विद्युतभार पटकन साचतो. तराजूचा आकडा एका दिशेनं सरकत राहिला आणि थांबेनाच, तर कारण बहुधा हेच. प्रत्येक फिल्टर तोलण्याआधी भार काढणाऱ्या पट्टीसमोर धरा. चिमट्यानं फक्त कडेच्या रिंगला पकडा.

प्रत्येक खेपेला काही कोरे फिल्टर सोबत ठेवा. प्रयोगशाळेतल्या कोऱ्या फिल्टरच्या वजनात १५ मायक्रोग्रॅमहून, आणि मैदानात नेऊन आणलेल्या कोऱ्या फिल्टरमध्ये ३० मायक्रोग्रॅमहून जास्त फरक पडला, तर त्या खेपेचं सगळं काम थांबवून कारण शोधा.

शेवटची गोष्ट हवेच्या वेगाची. प्रवाह कमी झाला की आकार निवडणारं तोंड ढिलं पडतं, २.५ मायक्रोमीटरहून मोठे कणही आत येतात. त्यात गणितात तुम्ही पूर्ण घनफळ धरलेलं असतं. एका बिघाडातून अशा दोन चुका होतात, म्हणून प्रवाह प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर स्वतंत्र मापकानं तपासा.

कोणता फिल्टर कशासाठी?

वजन आणि धातूंसाठी टेफ्लॉन. कार्बनसाठी क्वार्ट्झ, कारण टेफ्लॉनमध्ये स्वतःचाच कार्बन असतो. क्वार्ट्झ वापरण्याआधी ५५० अंशांच्या आसपास काही तास भाजून घ्या. तो हवेतल्या सेंद्रिय बाष्पालाही धरतो, म्हणून कार्बनचा आकडा थोडा जास्त येतो. उलट, उन्हाळ्यात अमोनियम नायट्रेट टेफ्लॉनवरून उडून जातं आणि वजन कमी भरतं. नमुने थंड पेटीतच न्या.

प्रदूषणाचे स्रोत शोधण्याचं गणित किती विश्वासार्ह आहे?

जितका विदा (मोजणीच्या नोंदी) चांगला तितकं. पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन ही पद्धत पाटेरो आणि टॅपर यांनी १९९४ मध्ये मांडली आणि आज सर्वाधिक वापरली जाते. तिला शंभराच्या आसपास तरी नमुने, प्रत्येकात वीस-एक घटक आणि प्रत्येक आकड्याची अनिश्चितता लागते. ती घटकांचे गट काढून देते. त्या गटाला ‘वाहनं’ म्हणायचं की ‘वीटभट्टी’, हे संशोधक ठरवतो, आणि चूक तिथेच होते.

ओळखीच्या खुणा माहीत हव्यात: ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि टायटॅनियम मातीचे, पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान (सेल्युलोज जळताना बनणारं रसायन) लाकूडफाटा जळल्याचे, व्हॅनेडियम आणि निकेल जड तेलाचे. खुणा काळाप्रमाणे बदलतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली, इंधन बदललं आणि व्हॅनेडियमची खूण पुसट झाली. जुन्या निबंधातलं गुणोत्तर आजच्या बंदराला लावलं तर जहाजांचा वाटा कमी दिसेल.

अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांचा वेगळा ‘दुय्यम कण’ असा गट येतो. तो कुठल्याही एका चिमणीतून थेट येत नाही. वायूंपासून हवेत तयार होतो. त्याला ‘इतर’ म्हणून बाजूला सारू नका. अनेक ठिकाणी सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो.

आमच्या उपायानंतर पीएम कमी झालं, हे सिद्ध कसं करायचं?

आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून ते सिद्ध होत नाही. जमिनीलगतच्या हवेच्या थराची उंची निम्मी झाली की तेवढ्याच उत्सर्जनात सांद्रता ढोबळमानानं दुप्पट होते, आणि ही उंची ऋतूनुसार कितीतरी बदलते. दोन वाटा आहेत. एक, जिथे उपाय केला नाही पण हवामान तेच आहे अशा ठिकाणी समांतर मोजणी करा आणि दोन ठिकाणच्या बदलांमधला फरक काढा. दोन, वारा, तापमान, थराची उंची, वार आणि तास देऊन एक संगणकीय प्रतिकृती शिकवा, आणि हवामानाचा भाग वजा करून उरलेला कल पाहा. शक्य असेल तर दोन्ही करा. तुलनेचा कालावधी कोणता, हे निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा.

तुलनेसाठी कोणती पातळी धरायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्या अशा: पीएम २.५ साठी वार्षिक ५ आणि २४ तासांची १५. पीएम १० साठी १५ आणि ४५. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० आणि २५ मायक्रोग्रॅम दर घनमीटर. प्रत्येक देशाची कायदेशीर मर्यादा वेगळी असते. अहवालात दोन्ही द्या.

धूळ पकडणारं यंत्र ९९ टक्क्यांहून कार्यक्षम आहे, तरी सूक्ष्मकण जास्त का?

ती टक्केवारी वस्तुमानाची असते आणि वस्तुमान जाड कणांत असतं. ०.१ ते १ मायक्रोमीटरमधले कण पकडायला सर्वांत अवघड. ते जडत्वानं आदळत नाहीत आणि विसरणानंही फारसे हलत नाहीत. शिवाय चिमणीत वायुरूपात असलेला काही माल बाहेर थंड होऊन कण बनतो, तो गरम फिल्टरवर मोजलाच जात नाही. चिमणीतून नमुना घेताना नळीतला वेग धुराच्या वेगाइतका, ९० ते ११० टक्क्यांत ठेवा. नळीतला वेग कमी पडला तर जाड कण जडत्वानं सरळ आत घुसतात आणि आकडा फुगतो.

सौर पॅनेलवरच्या धुळीचा अभ्यास करायचा आहे. मांडणी कशी करावी?

एकाच खेपेतली दोन पॅनेलं, तोच कल, तीच दिशा. एक रोज सकाळी पुसायचं, दुसरं तसंच ठेवायचं. दोन्हींची कमाल शक्ती मोजा. केवळ शॉर्ट सर्किटचा प्रवाह पाहून भागत नाही, कारण धूळ खालच्या कडेला जाड साचते, तिथले सेल मागे पडतात आणि प्रवाहाच्या आकड्यात तो तोटा नीट दिसत नाही. पॅनेलच्या पाठीला तापमापक चिकटवा. प्रमाण चाचणी २५ अंश सेल तापमानाला होते. उन्हात सेल ६० अंशांवर गेला आणि गुणांक अंशामागे ०.३५ टक्के असला तर १२ टक्के शक्ती नुसत्या उष्णतेनं जाते. ती धुळीच्या खात्यात टाकू नका.

सौरतीव्रता मोजणाऱ्या पायरॅनोमीटरची काच रोज पुसा. ती मळली की ऊन कमी दिसतं आणि पॅनेल आहे त्याहून चांगलं भासतं. गणित असं: १० किलोवॉटच्या संचावर महिन्यात दर चौरस मीटरला १५० किलोवॉट-तास ऊन पडलं आणि १,२०० युनिट वीज, म्हणजे किलोवॉटमागे १२० युनिट, निघाली, तर कामगिरी गुणोत्तर १२० भागिले १५०, म्हणजे ०.८०. उन्हाचा आकडा १४० वाचला गेला तर तेच गुणोत्तर ०.८६ होतं.

पेरोव्स्काइट सेलवर काम करताना कशाची काळजी घ्यावी?

पेरोव्स्काइट हा विशिष्ट स्फटिकरचनेचा, ऊन शोषणारा पदार्थ. २००९ मध्ये जपानमधल्या मियासाका यांच्या गटानं ३.८ टक्के कार्यक्षमतेचा पहिला सेल दाखवला. आता सिलिकॉनवर पेरोव्स्काइट बसवलेल्या सेलनं प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले आहेत. प्रश्न टिकण्याचा आहे. ओलावा, उष्णता आणि अतिनील किरण तिन्ही या पदार्थाला खातात. व्होल्टेज चढवत आणि उतरवत घेतलेले दोन आलेख वेगळे येतात, म्हणून चांगला तेवढाच छापू नका. कमाल शक्तीवर काही मिनिटं स्थिर ठेवून आलेला आकडा द्या. प्रकाशाचं क्षेत्र नेमकं ठरवणारा मुखवटा लावा, नाहीतर कडेनं आलेला प्रकाशही मोजला जातो. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, ही सिलिकॉन पॅनेलची कसोटी डोळ्यांसमोर असू द्या.

पवन मोजणीत सर्वांत महाग पडणारी चूक कोणती?

वेगाची. शक्ती वेगाच्या घनावर जाते; वेग १० टक्के जास्त मोजला गेला तर वाऱ्यातल्या शक्तीचा अंदाज ३३ टक्के फुगतो. पूर्ण वर्षभर, शक्यतो पात्यांच्या मध्याच्या उंचीवर मोजा. मनोऱ्याच्या सावलीत येणाऱ्या दिशांच्या नोंदी वेगळ्या काढा.

हरित हायड्रोजनच्या प्रकल्पात कोणते आकडे आधी तपासावेत?

एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट वापरण्याजोगी ऊर्जा असते, बाष्पाची सुप्त उष्णता धरली तर ३९.४. तो विजेनं पाणी फोडून बनवायला संपूर्ण यंत्रणेला ५० ते ५५ युनिट वीज लागते. पाणी नुसत्या रासायनिक गरजेनुसार किलोमागे ९ लिटर. शुद्धीकरण आणि थंड करणं धरून बरंच जास्त. वीज कोळशाची, युनिटमागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी असेल, तर ५२ युनिटांमागे जवळपास ४७ किलो उत्सर्जन होतं. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवताना ते ९-१० किलोच्या आसपास असतं. वीज कुठली, या एका प्रश्नावर सगळं उभं आहे.

सौर विजेवर इलेक्ट्रोलायझर (पाणी फोडणारा संच) चालवताना कमी भाराकडे लक्ष ठेवा. क्षारीय प्रकारात भार खूप उतरला की ऑक्सिजन कमी तयार होतो, पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन मात्र तितकाच राहतो. ऑक्सिजनमध्ये त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की मिश्रण स्फोटक होतं, म्हणून यंत्रणा २ टक्क्यांनाच बंद पडेल अशी ठेवतात. झिल्लीच्या प्रकारात पाण्याची वाहकता सेंटिमीटरला १ मायक्रोसीमेन्सखाली हवी. साध्या पोलादी नळीतून आलेले लोहाचे आयन झिल्ली हळूहळू निकामी करतात. संच नवा असताना उत्तम चालतो आणि काही महिन्यांत व्होल्टेज चढू लागतं, त्यामागे पुष्कळदा हेच निघतं. गळतीही मोजा. हवेतला हायड्रोजन मिथेनचं आयुष्य वाढवतो आणि अप्रत्यक्षपणे तापमानवाढीला हातभार लावतो.

पोलाद हायड्रोजननं बनवता येतं का?

येतं. स्वीडनमधल्या हायब्रिट प्रकल्पानं लुलेओ इथे २०२० मध्ये प्रायोगिक संयंत्र सुरू केलं आणि २०२१ मध्ये तशा लोखंडापासूनचं पोलाद ग्राहकाला दिलं. शुद्ध लोहभस्मातून एक टन लोखंड काढायला रसायनशास्त्रानुसारच ५४ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे त्याच्यासाठीच सुमारे २,८०० युनिट वीज. ही क्रिया उष्णता शोषते, म्हणून वायू आधी चांगला तापवावा लागतो, आणि तापवला की धातुकाच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात. धातुक सुमारे ६७ टक्के लोहाचं असावं लागतं; दगडमातीचा अंश जास्त असेल तर तो पुढे विजेच्या भट्टीत मळी (वितळलेला टाकाऊ भाग) होऊन बसतो. मिळणाऱ्या लोखंडात कार्बन नसतो, पण भट्टीत मळीला फेस यायला तो लागतो. या तीन जागी अजून भरपूर काम बाकी आहे.

सिमेंटचं उत्सर्जन नुसतं इंधन बदलून का जात नाही?

कारण त्याचा मोठा भाग दगडातूनच येतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडतो. क्लिंकरमध्ये (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट बनतं) चुना ६५ टक्के धरला तर टनामागे ०.५१ टन उत्सर्जन इंधनाशिवायच ठरलेलं आहे. म्हणून आमच्या मते पहिला हात क्लिंकरच्या प्रमाणालाच घालावा.

त्यातला सर्वांत आश्वासक मार्ग एलसी३, म्हणजे चुनखडी आणि भाजलेली माती यांचं सिमेंट: क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, चुनखडी १५, जिप्सम ५ टक्के. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. मातीत केओलिनाइट (चिकणमातीतलं एक खनिज) किमान ४० टक्के हवं. ते तपासायला माती तराजूवर तापवा; शुद्ध केओलिनाइट ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान जवळपास १४ टक्के वजन गमावतं, त्या प्रमाणात हिशेब करा. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजा. कमी भाजली तर पाणी पूर्ण सुटत नाही. ९५० च्या पुढे गेली तर नवे स्फटिक बनून ती मरते, प्रतिक्रिया देत नाही. भट्टीत एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी तापमान असेल तर एकाच घाण्यात दोन्ही दोष सापडतात.

चाचणीचे ठोकळे ४० बाय ४० बाय १६० मिलिमीटरचे, मिश्रणात ४५० ग्रॅम सिमेंट, १,३५० ग्रॅम प्रमाणित वाळू, २२५ ग्रॅम पाणी. भाजलेली माती पाणी जास्त मागते आणि मिश्रण कोरडं, ताठ वाटतं. अशा वेळी हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो, तो आवरा. पाणी वाढवलं तर ताकद घटेल आणि दोष मातीला लागेल. प्रवाहीपणा वाढवणारं रसायन वापरा. पहिल्या दिवसाची ताकद कमी येते, आठवड्याभरात ती साध्या सिमेंटच्या जवळ पोहोचते. जिप्सम नेहमीच्याच प्रमाणात ठेवलं तर ॲल्युमिनेटची क्रिया लवकर उसळते; उष्णतामापकावर ते शिखर पाहून प्रमाण ठरवा. टिकाऊपणाच्या बाबतीत, क्लोराइड आत शिरायला ते चांगला अटकाव करतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला मात्र कमी. समुद्राकाठच्या आणि कोरड्या भागातल्या बांधकामाचा निकाल म्हणून वेगवेगळा द्या. माती लालसर असेल तर रंगावरून लोक नाकारतात. थंड होताना ऑक्सिजन कमी ठेवला की ती राखाडी होते.

कारखान्यातल्या उष्णतेपासून सुरुवात कुठे करावी?

प्रत्येक प्रक्रियेला खरं तापमान किती लागतं ते लिहून. ८० अंशांच्या धुलाईसाठी ८ बारची वाफ वापरलेली ठिकठिकाणी दिसते. मग गळती, वाफेचे सापळे, धुराचं तापमान पाहा. धूर साधारण २० अंशांनी थंड करता आला तर बॉयलरची कार्यक्षमता १ टक्क्यानं वाढते. त्यानंतरच उष्णतापंप, म्हणजे वाया जाणारी उष्णता विजेनं वरच्या तापमानाला नेणारं यंत्र. ६० अंशांच्या वाया जाणाऱ्या पाण्यातून १२० अंश मिळवायचे तर सैद्धांतिक गुणांक (विजेच्या युनिटमागे मिळणारी उष्णता) ३९३ (१२० अंश, केल्विनमध्ये) भागिले ६० (तापमानातला फरक), म्हणजे ६.५, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा, सुमारे ३ मिळतो. मागणी दर १५ मिनिटांनी मोजा. महिन्याच्या सरासरीवर निवडलेला पंप सकाळच्या मागणीला कमी पडतो आणि जुना बॉयलर कायमचा चालूच राहतो.

कार्बन पकडण्याच्या प्रकल्पात आकडे कसे द्यावेत?

‘पकडलेला’ आणि ‘टाळलेला’ कार्बन वेगवेगळा. ३० टक्के मोनोइथॅनॉलअमाइनचं (कार्बन डायऑक्साइड शोषणारं अमाइन) द्रावण वापरून एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. १०० टन पकडले, टनामागे ३.७ गिगाज्यूल लागली आणि ती ८५ टक्के कार्यक्षम कोळशाच्या बॉयलरनं दिली, तर ४३५ गिगाज्यूल कोळसा जळतो आणि ४१ टन नवं उत्सर्जन होतं. टाळले ते ५९ टन. शीर्षकात १०० छापणं हे वाचकाची फसवणूक आहे.

सल्फर डायऑक्साइड आणि उडती राख आधी काढली नाही तर द्रावण झपाट्यानं खराब होतं. बाहेर पडणारं अमाइन आणि त्यापासून बनू शकणारी नायट्रोसामाइनं हवेच्या मोजणीत धरा.

कार्बनच्या हिशेबात नेहमी काय चुकतं?

सीमा. विजेचं उत्सर्जन गाळणं ही पहिली चूक. दुसरी, विजेचा वार्षिक सरासरी गुणक प्रत्येक तासाला लावणं. रात्री आणि दुपारी जाळ्यातली वीज सारखी नसते. इंधनासाठी हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाचे मूलभूत गुणक आहेत: नैसर्गिक वायू ५६.१, डिझेल ७४.१, बिटुमिनस कोळसा ९४.६ किलो दर गिगाज्यूल, निव्वळ उष्मांकावर. आपल्या कोळशाचा उष्मांक एकूण आहे की निव्वळ, हे प्रयोगशाळेला विचारून घ्या. लाकूडफाट्याचा कार्बन डायऑक्साइड स्वतंत्र ओळीत दाखवा, शून्य म्हणून पुसू नका.

प्रयोगशाळेत चाललेलं संयंत्र बाहेर का अडतं?

बहुधा खऱ्या धुरामुळे. बाटलीतल्या शुद्ध वायूवर उत्प्रेरक हजार तास टिकतो. खऱ्या धुरात अल्कलीची धूळ, गंधक आणि बाष्प असतं. दुसरं कारण आकार: लहान भांड्याचा पृष्ठभाग घनफळाच्या मानानं मोठा असतो, उष्णता सहज निघून जाते, मोठ्यात ती आत कोंडते. म्हणून मोठं संयंत्र बांधण्याआधी खऱ्या चिमणीतून एक छोटा फाटा काढून किमान १,००० तास चालवा. त्यात चालू-बंद करणंही येऊ द्या, कारण त्या वेळी बाष्पाचं होणारं पाणी आणि गंज तेव्हाच उघड होतात. नायट्रोजनची ऑक्साइडं काढायला अमोनिया सोडत असाल तर बाहेर निसटणारा अमोनिया मोजा. तोच पुढे अमोनियमचे कण बनून पीएम २.५ मध्ये परत येतो.

विदा कसा जपावा?

मूळ नोंदी कधीही बदलू नका. दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये आणि ती करणारा कोड सोबत. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, आणि नोंद तासाच्या सुरुवातीची आहे की शेवटची हे स्तंभाच्या नावातच घाला. दोन यंत्रांमध्ये एका तासाचा सरक असला तरी सहसंबंध ढासळतो आणि माणसं आठवडाभर सेन्सरला दोष देत राहतात. प्रत्येक उपकरणाची वही ठेवा: कधी पुसलं, कधी हलवलं, शेजारी कधी खोदकाम झालं. तीन वर्षांनी आलेखातल्या एका विचित्र शिखराचं उत्तर त्या वहीतच सापडतं.

अपेक्षित परिणाम आला नाही तर?

तरीही प्रसिद्ध करा, आणि मोजणीची अनिश्चितता लिहा. १० टक्के घट अपेक्षित असताना तुमची पद्धत १५ टक्क्यांखालचा बदल ओळखूच शकत नसेल, तर ‘परिणाम नाही’ असं म्हणता येत नाही. ‘१५ टक्क्यांहून मोठा परिणाम नाही’ एवढंच म्हणता येतं. हे गणित प्रकल्पाच्या प्रस्तावातच करून पाहा. मग कदाचित सेन्सर वाढवाल, कालावधी लांबवाल किंवा प्रश्नच बदलाल.